बारा व्होल्ट आहेत, पण पंखा फिरत नाही

जुलै महिन्यातली गोष्ट. रत्नागिरीला शिक्षकांच्या एका शिबिरासाठी आम्ही चौघे कोल्हापूरहून गाडीने निघालो होतो. मलकापूर मागे पडले, आंबा घाट सुरू झाला आणि कोकणच्या पावसाने गाठलेच. वायपर जोरात चालू होते, तरी पाच-दहा मिनिटांत समोरचे दिसेनासे झाले. बाहेरचे पाणी वायपर पुसत होते. काच धुरकटली होती ती आतून. समोरच्या काचेवर वारा सोडणारा पंखा, ज्याला सगळे ब्लोअर म्हणतात, तो बंद पडला होता. एकाने टॉवेलने काच पुसत राहायचे, बाकीच्यांनी खिडक्या अर्ध्या उघड्या ठेवून भिजत बसायचे, अशा थाटात आम्ही घाट उतरलो. समोरून येणारा ट्रक म्हणजे दोन पिवळे गोळे, एवढेच कळत होते. साखरप्याला चहाच्या टपरीशी गाडी थांबली तेव्हा कुणीच काही बोलले नाही.

काच आतून का धुरकटते, हे वर्गात सहज सांगता येते. चार माणसांचा श्वास आणि ओले कपडे यांमुळे गाडीतल्या हवेत बाष्प साचते. पावसाच्या माऱ्याने काच थंड झालेली असते. तिला लागून असलेली हवा दवबिंदूच्या खाली जाते आणि बाष्पाचे सूक्ष्म थेंब काचेवर बसतात. वातानुकूलन यंत्रणेत हवा प्रथम थंड नळ्यांवरून जाते, तिथे बाष्पाचे पाणी होऊन गळून जाते आणि कोरडी हवा काचेवर सोडली जाते. मात्र हे सारे हवा ढकलणारा पंखा फिरत असेल तरच! गाडीतल्या थंडाव्याची जी सोय असते तिच्यातला हा सर्वांत साधा भाग बंद पडला, की बाकीची महागडी यंत्रणा असून नसल्यासारखी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गाडी एका गॅरेजमध्ये नेली. तिथल्या माणसाने डाव्या बाजूचा, सामान ठेवायचा कप्पा काढला, आत हात घालून मोटरचा प्लग उपसला, चावी फिरवून प्लगच्या दोन्ही टोकांना मीटर लावला. मीटरने १२.४ व्होल्ट दाखवले. ‘‘मोटर गेली, साहेब. वीज येते आहे, पंखा फिरत नाही. मग बिघाड मोटरमध्येच.’’ नवी मोटर मागवायला तीन-चार दिवस आणि काही हजार रुपये लागणार होते. आम्हाला परवा त्याच घाटातून परतायचे होते.

युक्तिवाद बिनतोड वाटतो ना? आम्हालाही वाटला होता. दुपारी जेवताना हा किस्सा सांगितला तेव्हा शिबिरातल्या एका बाईंनी विचारले, ‘‘पण सर, आधी काही लक्षण दिसलं नव्हतं का?’’ गाडीच्या मालकाने, म्हणजे आमच्यातल्याच एकाने, सांगून टाकले, की गेला महिनाभर ब्लोअर फक्त चार नंबरवर चालत होता. एक, दोन, तीनवर काहीच नाही. बटण चारवर ठेवले की वारा सुरू. चालतो आहे ना, मग कशाला बघा, म्हणून तो तसाच वापरात होता.

या एका वाक्याने कोडे सुटायला सुरुवात झाली. कसे, ते समजण्यासाठी या पंख्याची रचना आधी पाहू.

ब्लोअरची मोटर म्हणजे खेळण्यातल्या मोटरचा थोरला भाऊ. बाहेर कायमचे चुंबक, आत तांब्याच्या तारेची गुंडाळी, गुंडाळीला धारा पोचवणारे तांब्याच्या पट्ट्यांचे कडे आणि त्याला घासत राहणारे दोन कार्बन ब्रश. मोटरच्या आसावर पिंजऱ्यासारखा, उभ्या पात्यांचा गोल पंखा असतो. तो हवा मधून ओढतो आणि कडेने बाहेर फेकतो. आता वेग कमी-जास्त कसा करायचा? बटणाचे चार टप्पे असलेल्या पुष्कळ गाड्यांत त्यासाठी अगदी साधी युक्ती केलेली असते: मोटरच्या एकसर जोडणीत रोध घालायचा. एक नंबरवर सर्वांत जास्त रोध, दोनवर कमी, तीनवर आणखी कमी आणि चारवर रोध अजिबात नाही. चारवर धारा रोधांना वळसा घालून थेट मोटरला मिळते.

म्हणजे ‘फक्त चारवर चालतो’ याचा अर्थ मोटर ठीक आहे, बटणही बहुधा ठीक आहे, रोधांच्या वाटेत कुठेतरी तुटले आहे. इतके स्वच्छ लक्षण यंत्रे क्वचितच देतात. पंख्याचा कोणता नंबर चालतो एवढे विचारूनच निम्मे निदान होते, आणि नेमका हाच प्रश्न गॅरेजमध्ये कुणी विचारला नव्हता. दोष त्यांचा एकट्याचा नव्हे. आम्हीही सांगितले नव्हते.

रोध जळतो का? थोडे गणित करू. समजा, इंजिन चालू असताना विभवांतर १३.५ व्होल्ट आहे आणि एक नंबरवर ४ अँपिअर धारा वाहते. मोटरच्या वाट्याला ४ व्होल्ट आले, तर उरलेले ९.५ व्होल्ट रोधावर पडतात. मोटर वापरते १६ वॅट आणि रोध उष्णतेच्या रूपाने घालवतो ३८ वॅट! पंखा सर्वांत हळू फिरतो तेव्हा पंख्यापेक्षा दुपटीहून जास्त शक्ती नुसती वाया जाते. मुलांना हे सांगून पाहा, त्यांचा विश्वास बसत नाही. ही उष्णता नेण्यासाठी रोध मुद्दाम पंख्याच्या वाऱ्याच्या वाटेतच बसवलेला असतो. वारा कमी पडला की रोध तापतो, आणि त्याच्या शेजारचा, ठरावीक तापमानाला वितळणारा छोटा फ्यूज आपला जीव देऊन आग टाळतो.

वारा कशाने कमी पडला असेल? आम्ही हवेची गाळणी काढली. ती गाळणी होती असे म्हणण्यापेक्षा गुलमोहराच्या बारीक पानांची आणि धुळीची चटई होती. गाडी वर्षभर गुलमोहराखाली उभी राहते. बाहेरची हवा समोरच्या काचेखालच्या जाळीतून आत घेतली जाते, आणि ती पाने इतकी बारीक असतात की सहज आत उतरतात.

इथे एक मजेदार प्रश्न शिबिरात निघाला. गाळणी तुंबली तर मोटरवर जास्त ताण येऊन ती जास्त धारा घेईल का? बहुतेकांनी ‘हो’ म्हटले. प्रत्यक्षात उलटे होते. असा पिंजऱ्याचा पंखा हवा ढकलण्याचे काम करतो. हवाच कमी मिळाली तर काम कमी, म्हणून धाराही कमी आणि फेरे उलट वाढतात. व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीचे तोंड हाताने बंद केले की त्याचा आवाज चढतो, तो याचमुळे. गाळणी तुंबण्याचा त्रास मोटरला फारसा नाही, तो वाऱ्यावर थंड होणाऱ्या रोधाला.

रोधाचा उलगडा झाला. पण घाटात चार नंबरही बंद पडला होता, त्याचे काय? आता मोटर खरोखरच गेली होती का? संध्याकाळी शाळेच्या प्रयोगशाळेतले मीटर आणि तारा घेऊन आम्ही बारा-पंधराजण अंगणात पत्र्याच्या छपराखाली गाडीभोवती जमलो.

पहिली चाचणी विजेशिवाय. चावी काढली, तीन स्क्रू काढून मोटर पंख्यासकट बाहेर घेतली आणि पंखा हाताने फिरवला. तो सहज फिरला, अडखळला नाही. मग मोटरच्या दोन टोकांना मीटर जोडून पंख्याला जोरात गिरकी दिली. मीटरचे आकडे अर्ध्या-पाऊण व्होल्टपर्यंत चढले आणि पंखा थांबला तसे शून्यावर आले. अंगणात एकदम ‘‘अरे!’’ असा आवाज उठला. मोटर फिरवली की ती जनित्र होते, हे सर्वांनी शिकवलेले होते. बिघाड शोधायला ते वापरता येते हे सुचले नव्हते. मीटरवर विभवांतर आले, याचा अर्थ ब्रश कड्याला टेकलेले आहेत, गुंडाळी तुटलेली नाही, चुंबक जागेवर आहेत. तीन गोष्टींची तपासणी एका गिरकीत झाली. यानंतर दोन्ही टोके तारेने एकमेकांना जोडली आणि पंखा पुन्हा फिरवला, तर तो जड लागला. स्वतः निर्माण केलेल्या धारेनेच मोटर स्वतःला अडवत होती. जनित्र आणि मोटर ही एकाच यंत्राची दोन रूपे आहेत, हे जगाला ठळकपणे दिसले १८७३ साली व्हिएन्नाच्या प्रदर्शनात. झेनोब ग्राम याच्या एका जनित्राची वीज दुसऱ्या थांबलेल्या जनित्राला दिली, तर ते मोटर होऊन फिरू लागले. आम्ही रत्नागिरीत तोच प्रयोग उलट बाजूने केला, इतकेच.

दुसरी चाचणी थेट बॅटरीची. प्रयोगशाळेतल्या बारीक तारा इथे उपयोगाच्या नाहीत. चार नंबरवर ही मोटर १५-२० अँपिअर घेऊ शकते, तारा वितळतील. जाड तारा घेऊन, मध्ये फ्यूज घालून, मोटर हातात घट्ट धरून क्षणभर जोडली. हातातून निसटावी इतक्या जोराने पंखा सुटला. मोटर जिवंत होती.

मग प्लगमध्ये १२.४ व्होल्ट होते ते काय? या जागी शिबिरात सर्वांत जास्त वाद झाला, आणि आम्हाला वाटते की विद्युत शिकवणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी हा वाद वर्गात घडवून आणावा.

मीटर खोटे बोलत नव्हता, पण त्याला प्रश्नच चुकीचा विचारला गेला होता. डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध साधारण १ कोटी ओहम असतो. तो परिपथातून जवळजवळ काहीच धारा घेत नाही. समजा, प्लगमध्ये तार जिथे पट्टीला दाबून बसवलेली असते तो सांधा जळून खराब झाला आहे आणि त्याचा रोध ५० ओहम झाला आहे. १ कोटीपुढे ५० म्हणजे काहीच नाही, म्हणून मीटरवर पूर्ण १२ व्होल्ट दिसतात. आता तिथेच मोटर जोडा. ५० ओहममधून १२ व्होल्टच्या जोरावर फार तर ०.२४ अँपिअर धारा वाहू शकते. मोटरला हवेत १५! विभवांतर सगळे सांध्यावरच खर्च होते आणि मोटर हलतही नाही. घरातल्या टाकीचे उदाहरण घ्या. गच्चीवरची टाकी भरलेली आहे, पण नळाच्या वाटेत कचरा अडकून सुईएवढेच भोक उरले आहे. नळ बंद ठेवून दाब मोजला तर तो पूर्ण दिसेल. नळ उघडला की थेंब-थेंब.

म्हणून जुने वायरिंगवाले मीटरपेक्षा दिवा जास्त मानतात. आम्ही गाडीच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा सुटा बल्ब प्लगच्या टोकांना लावला. तो १२ व्होल्टवर सुमारे १.७५ अँपिअर घेतो. बल्ब पेटला नाही. मीटर लावला, १२.४ व्होल्ट. बल्ब लावला, काळोख. दोन-तीन वेळा आलटून पालटून केले, तेव्हा शंका घेणारेही गप्प झाले.

राहिला प्रश्न, सांधा नेमका कोणत्या तारेचा? यासाठी भार जोडलेला असतानाच मोजायचे. मोटर प्लगला जोडली, बटण चारवर ठेवले. मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला धरले आणि दुसरे मोटरच्या परतीच्या टोकाला लावले. परतीची वाट चांगली असेल तर इथे व्होल्टचा एखाद-दुसरा दशांश दिसावा. आम्हाला जवळजवळ १२ दिसले. मीटरचे ते टोक पट्टीवरून उचलून तिच्या मागच्या तारेवर, आवरणातून सुई टोचून, धरले तर शून्याच्या जवळ! पट्टी आणि तार यांमध्ये अर्ध्या सेंटिमीटरचे अंतर होते आणि बारा व्होल्ट त्या अर्ध्या सेंटिमीटरमध्ये अडकले होते. प्लग उजेडात धरला तेव्हा त्या बाजूचे प्लॅस्टिक तपकिरी होऊन वितळलेले दिसले. आधी पाहिले असते तर एवढे मोजावे लागले नसते, हेही खरे.

हा सांधा का जळाला असावा? रोध तुटल्यामुळे महिनाभर ब्लोअर चारवरच चालला. चारवर धारा सर्वांत जास्त. सांधा थोडासा ढिला असेल, त्याचा रोध समजा ०.२ ओहम असेल, तर १५ अँपिअरला तिथे ३ व्होल्ट पडतात आणि उष्णता निघते ४५ वॅट. डाग देण्याच्या लहान इस्त्रीहून जास्त, आणि तीही हरभऱ्याएवढ्या जागेत. तापल्याने तांबे काळे पडते, काळे पडल्याने रोध वाढतो, रोध वाढल्याने आणखी तापते. पानांनी गाळणी तुंबली, म्हणून रोध गेला, म्हणून पंखा चारवर ठेवला, म्हणून सांधा जळला, अशी साखळी आम्ही मांडली. तिचा शेवटचा दुवा आम्ही सिद्ध केलेला नाही. सांधा आधीपासूनही खराब असू शकेल. पण मोटर बदलून काय झाले असते पाहा: नवी मोटर त्याच जळक्या प्लगला जोडली गेली असती आणि तीही फिरली नसती.

मोटर खरोखरच बिघडते, तेव्हाची लक्षणे वेगळी असतात. ब्रश झिजले असतील तर मोटर कधी चालते, कधी नाही. डॅशबोर्डखाली टिचकी मारली किंवा गाडीला धक्का बसला की सुरू होते. टिचकीने सुरू होणारी मोटर फार दिवस टिकत नाही. आस ज्या बुशमध्ये फिरतो ते कोरडे पडले तर चिरचिर ऐकू येते. टक-टक असा फेऱ्यांच्या तालात आवाज आला तर बहुधा पंख्यात पान किंवा काडी अडकलेली असते, उंदरांनी आत घर केल्याचेही दाखले आहेत.

फ्यूज वारंवार जात असेल तर मात्र आस जड झाला आहे का ते पाहावे. फिरणारी मोटर एकीकडे जनित्रही असते आणि येणाऱ्या धारेला विरोध करणारे विभवांतर तयार करते. तंत्रज्ञ त्याला बॅक ईएमएफ म्हणतात. गुंडाळीचा रोध समजा पाव ओहम आहे. मोटर वेगात असताना हा विरोध ९ व्होल्टचा असेल, तर १३.५ मधून उरतात ४.५ व्होल्ट आणि धारा होते १८ अँपिअर. मोटर अडकून थांबली की विरोध शून्य, धारा ५४ अँपिअर! ३० अँपिअरचा फ्यूज गेला तर नवल नाही. अशा वेळी ४० चा फ्यूज घालणारे महाभाग भेटतात. फ्यूज वाचतो आणि तार पेटते. फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा किंवा चांदी तर मुळीच नको.

ज्या गाड्यांत तापमान ठरवून दिले की यंत्रणाच पंख्याचा वेग ठरवते, तिथे रोधांऐवजी ट्रान्झिस्टर असतो. त्यात ‘फक्त चारवर चालतो’ हे लक्षण सापडणार नाही. ट्रान्झिस्टर बिघडला तर पंखा अखंड पूर्ण वेगाने तरी फिरतो किंवा मुळीच फिरत नाही. काही गाड्यांत थंडीच्या सकाळी इंजिन तापेपर्यंत यंत्रणा पंखा मुद्दाम थांबवून ठेवते, त्याला बिघाड समजू नये. काही नव्या गाड्यांत ब्रश नसलेल्या मोटरही आल्या आहेत. त्यांना वर सांगितलेली थेट बॅटरीची चाचणी करू नये.

वर्गात हे सगळे करायला गाडीची गरज नाही. खेळण्यातली एक मोटर, दोन टॉर्चचे सेल, टॉर्चचा बल्ब, एक मल्टिमीटर आणि १००० ओहमचा एक रोध पुरतो. सेलच्या वाटेत रोध एकसर जोडून तो कागदात गुंडाळून लपवा. मुले मीटर लावून ३ व्होल्ट वाचतील, बल्ब लावतील तर पेटणार नाही, मोटर फिरणार नाही. काय चुकले ते त्यांना शोधू द्या, कागद लगेच उघडू नका. मग रोध काढून मोटर चालवा, मीटर धारा मोजायला जोडा आणि मोटरचा आस दोन बोटांनी क्षणभर दाबून धरा. धारा चढताना दिसेल. गाडीवर हात चालवायचा झाला तर चावी काढून, हातातले कडे-अंगठी काढून काम करावे, आणि पिवळ्या रंगाचे प्लग दिसले तर त्यांना स्पर्शही करू नये. ते बहुधा एअरबॅगचे असतात.

आमच्या गाडीचा प्लग रत्नागिरीतल्याच एका वायरिंगवाल्याने पाऊण तासात बदलून दिला. रोधांचा संच आणि गाळणीही तिथेच मिळाली. सारे मिळून खर्च नव्या मोटरच्या पाव भागाइतकाही आला नाही. बदललेला जळका प्लग आम्ही शिबिरातल्या त्या बाईंना दिला. त्यांनी तो प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवला आहे. परतताना घाटात पाऊस तसाच होता. ब्लोअर दोन नंबरवर होता आणि काच स्वच्छ होती.